तापलेल्या लेकराची रजा

औशात लेकरू पाळणाघरात ठेवायचं म्हटलं की आजाराच्या आधी अब्रूचा प्रश्न उभा राहतो. घरात माणसं असताना परक्याच्या दारात लेकरू कशाला, असं शेजारीण विचारते. पण दिवसा घरात माणसं असतात कुठं? सासू सोयाबीनच्या खुरपणीला गेलेली, नाहीतर बचत गटाच्या कामात. नवरा वीस किलोमीटरवरच्या लातूरला. बाजारपेठेत कापडाच्या, औषधाच्या, बी-बियाण्यांच्या दुकानांत काउंटरच्या आत आता बाई बसलेली दिसते. तिचं लेकरू त्या वेळी कुठंतरी असतंच. ते कुठं असावं, यावरून घराघरांत वाद होतात.

असा एक वाद मांडण्यासाठी या लेखात दोघी उभ्या केल्या आहेत. भाची एका दुकानात हिशेब लिहिते. मालक धरून तिथं सात माणसं. तिची मुलगी अडीच महिन्यांची आहे. आत्या म्हणजे तिच्या वडिलांची बहीण. उभी नोकरी तिनं औसा तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नर्सबाई म्हणून केली आणि आता निवृत्त आहे.

भाची : आत्या, येत्या सोमवारपासून या म्हणाले मालक. आतापर्यंत त्यांनी जागा राखून ठेवली, पगार नाही दिला तरी. आता म्हणतात, जमत नसेल तर दुसरी मुलगी बघतो. म्हणून काल मागच्या गल्लीतलं पाळणाघर बघून आले. आठ लेकरं होती. तिघांची नाकं वाहायलेली, आणि काकू एकाच फडक्यानं सगळ्यांची तोंडं पुसायलेल्या. तिथं ही पाच किलोची पोर ठेवायची? माझं तर तिथून पाऊलच उचलेना.

आत्या : फडकं वाईट. नाकाचं एवढं काही नाही. आठ लेकरं एका खोलीत म्हटल्यावर दोघा-तिघांना सर्दी असायचीच. आधी सांग, हिचं कार्ड कुठंय?

भाची : कार्ड आहे की. जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-बची लस झाली. दीड महिन्याचे डोस झाले, परवा अडीच महिन्याचे झाले. रात्रभर कण्हत होती.

आत्या : म्हणजे साडेतीन महिन्याचे राहिले. पेंटाच्या एका सुईत घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब आणि हिब, पाच आजारांची लस असते. सोबत जुलाबासाठी रोटाचे थेंब, न्यूमोनियासाठी पीसीव्ही. मी नोकरीला लागले तेव्हा यातलं निम्मं नव्हतं. पीसीव्ही तर देशभर मिळायला २०२१ साल उजाडलं. तुझ्या लेकीला तुझ्यापेक्षा कितीतरी जास्त लसी मिळायल्यात.

भाची : आणि गोवर? त्याची नऊ महिन्यांना. तोवर काय करायचं?

आत्या : तोवर तुझ्याकडून आलेलं बळ असतं तिच्यात. आईच्या अंगातली प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात. ती भरपूर असताना लस दिली तर ती लसीलाच काम करू देत नाहीत, म्हणून थांबायचं.

भाची : आणि ते बळ महिन्या-महिन्याला उतरत जातं, हे का नाही सांगत? मुंबईत २०२२च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला, भिवंडी-मालेगावातही लेकरं आजारी पडली, काही दगावली. तेव्हा उद्रेकाच्या भागात सहा महिन्यांच्या बाळांनाही जादा डोस द्यायचं ठरलं, कारण नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांनाही तो होत होता. गोवर झालेलं एक लेकरू लस न घेतलेल्या बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतं. ते खोलीतून गेल्यावरही दोन तास विषाणू हवेत असतो. आणि अंगावर पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून ते आजार पसरवत असतं. काकूंना त्या चार दिवसांत काय दिसणार?

आत्या : काही दिसणार नाही. म्हणून तर मी कार्ड विचारते. आणि हिचंच नाही, त्या आठ जणांचंही. नऊ महिन्यांच्या पुढच्या प्रत्येकाचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस झालेला हवा, दोन वर्षांच्या पुढच्याचा दुसराही. मोठी लेकरं लस घेतलेली असली की लहानग्याभोवती कुंपण होतं. हिला लस देता येत नाही तोवर हिचं रक्षण त्यांच्या दंडावर आहे.

भाची : दुसऱ्याच्या लेकराचं कार्ड मागायचं? भांडण होईल.

आत्या : तू नको मागू. काकूंनी मागायचं, लेकरू घेताना, सगळ्यांकडून. जिथं कार्ड मागत नाहीत तिथं ठेवू नको.

भाची : बरं, ज्याला लसच नाही त्याचं काय? डॉक्टरच म्हणाले, आरएसव्ही म्हणून विषाणू आहे. मोठ्याला नुसती सर्दी होते, पण एवढ्या बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजतात, छाती घरघरते, काहींना ऑक्सिजन लावावा लागतो. सरकारी तक्त्यात त्याची लस नाही. फ्लूची सहा महिन्यांच्या आत देत नाहीत. कांजिण्यांची विकत घ्यावी लागते. हाता-पायाला आणि तोंडात फोड येतात, त्याची तर इथं कुठंच मिळत नाही.

आत्या : खरं आहे. पण हे सगळे आजार पाळणाघरातच राहतात का? तुझ्या घरात कोण येतं-जातं तेही मोज. बारशाला किती बायका आल्या होत्या? प्रत्येकीनं उचललं, निम्म्याजणींनी पापी घेतली. तुझा दीर रोज एसटीनं लातूरला क्लासला जातो, पोरांनी गच्च भरलेल्या हॉलमध्ये बसतो, आणि घरी आल्याबरोबर हिला छातीशी धरतो. गेल्या आठवड्यात खोकत होता तो. डांग्या खोकला तान्ह्या बाळाला बहुतेक वेळा घरातल्याच माणसाकडून मिळतो. मोठ्या माणसाला वाटतं, खोकला जरा रेंगाळलाय. बाळाचा मात्र श्वास थांबतो, ओठ निळे पडतात.

भाची : दिराला सांगू शकते मी. हात धू, खोकला आहे तोवर लांब राहा.

आत्या : सांगितलंस का?

भाची : नाही. सासरी वाईट दिसतं.

आत्या : बघ. काकूंचं फडकं लगेच दिसलं, दिराचा खोकला नाही दिसला. पूर्वी सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत कुणाला येऊ द्यायचे नाहीत. त्याला विटाळाचं नाव दिलं होतं, ते चूकच होतं. पण त्यामुळं बाहेरचा माणूस बाळाजवळ कमी यायचा. आता विटाळ गेला, चांगलं झालं, पण बाराव्या दिवशीच मांडव भरायला लागला. आणि त्याच खोलीत शेगडी पेटवून ओवा-शेपाची धुरी द्यायचे. दार बंद आणि आत धूर. लेकराच्या फुप्फुसाचं काय व्हायचं? माझी अर्धी नोकरी लोकांच्या शेगड्या बाहेर काढण्यात गेली.

भाची : आमच्याकडंही होती शेगडी. सासूबाई ऐकेनात.

आत्या : मला माहीत आहे. खोलीत आले तेव्हा डोळे चुरचुरले माझे.

भाची : तरी पण आत्या, हिशेब बघा. घरात आम्ही पाच माणसं. पाळणाघरात आठ लेकरं म्हणजे आठ घरं, घरटी पाच धरली तर चाळीस माणसं. चाळीस जणांचा खोकला त्या एका खोलीत जमा होतो. मोठा माणूस खोकताना तोंडावर हात तरी धरतो. रांगणारं लेकरू खेळणं चाटतं आणि तेच हिच्या हातात देतं.

आत्या : हे पटलं मला. शेवटी हिशेबनीसच तू. पण एक गोष्ट मी बालरोगतज्ज्ञांच्या व्याख्यानात ऐकली होती. कॅनडात क्वेबेक नावाचा प्रांत आहे, तिथल्या लेकरांचा अभ्यास २०१०मध्ये छापून आला. जी लेकरं लहानपणीच मोठ्या पाळणाघरात गेली ती सुरुवातीला जास्त आजारी पडली, पण पुढं प्राथमिक शाळेत घरी वाढलेल्यांपेक्षा कमी आजारी पडली. म्हणजे ही सर्दी-खोकल्याची आजारपणं टळत नाहीत. काहींची आधी होतात, काहींची नंतर.

भाची : आधी की नंतर, हाच तर सगळा प्रश्न आहे. चार वर्षांच्या पोराला सर्दी झाली तर ते बाहीला नाक पुसून खेळायला जातं. हिचं नाक चोंदलं तर हिला अंगावर ओढताच येत नाही. पहिलीत गेल्यावर कमी आजारी पडेल म्हणून आज अडीच महिन्यांची असताना पाडू का आजारी?

आत्या : नको. वयाचं तुझं म्हणणं खरं आहे, इथं मी मागं येते. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरी वाट बघायची नाही, थेट दवाखाना, हेच आम्ही बायांना सांगायचो. मला विचारशील तर पहिले सहा महिने लेकरू आईजवळच हवं.

भाची : मग मघापासून पाळणाघराची बाजू कशाला घ्यायलात?

आत्या : कारण तू सोमवारी जायलीस. ते काही पाळणाघरानं ठरवलं नाही.

आत्याच्या या वाक्यापाशी वाद जंतूंवरून रजेवर येतो, आणि तिथंच त्याचं मूळ आहे. प्रसूती रजेच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जाऊन यायची मुभा मिळाली. केंद्राच्या मिशन शक्तीमधली पाळणा योजना सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची कल्पना त्याच योजनेतली. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले तर मांडणी नेटकी दिसते. सहा महिने आई घरी, त्यानंतर पाळणा. केवळ अंगावरच्या दुधाचे सहा महिने त्यात बसतात, १४ आठवड्यांपर्यंतचे डोस बसतात, आणि सर्वांत नाजूक काळ आईच्या कुशीत जातो.

पण दुकाना-आस्थापनांत हा कायदा दहा माणसांपासून पुढं लागू होतो. भाचीच्या दुकानात सात आहेत. शेतमजूर बाई, धुणीभांडी करणारी, घरी शिलाई मशीन चालवणारी यांना तर मालकाची हजेरीवहीच नसते. त्यांच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे. बुडालेल्या मजुरीची काही भरपाई म्हणून पहिल्या अपत्याला ५,००० रुपये मिळतात, आणि त्यातला दुसरा हप्ता बाळाचे १४ आठवड्यांपर्यंतचे डोस पूर्ण झाल्यावर. ही रक्कम सहा महिन्यांत वाटली तर महिन्याला साडेआठशेसुद्धा पडत नाहीत. तेवढ्यावर कुणी सहा महिने घरी बसू शकत नाही.

भाची : दुकानात दहा माणसं नाहीत म्हणून मला रजा नाही. पोर सहा महिन्यांची नाही म्हणून सरकारी पाळणा नाही. मधल्या साडेतीन महिन्यांसाठी माझ्यापुढं एकच दार आहे, ते काकूंचं.

आत्या : मग ते दार नीट करून घेऊ. मी बोलते त्यांच्याशी. पहिलं, साबण. लंगोट बदलला की साबण, भरवायच्या आधी साबण. नुसत्या सॅनिटायझरवर भागवायचं नाही. तोंडात-हातापायांवर फोड आणणारे आणि जुलाबाचे काही विषाणू त्याला दाद देत नाहीत.

भाची : आणि पाणी? नळाला काय रोज येतंय?

आत्या : २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती. त्या उन्हाळ्यातही आम्ही अर्ध्या तांब्यात हात धुवून दाखवत होतो. तोटी बसवलेला एक डबा आणि खाली बादली. पाणी थोडं चालतं, पण वाहतं हवं. सगळ्यांनी एका परातीत हात बुडवायचे, हे बंद. दुसरं, न रांगणारी बाळं वेगळी. हिचा पाळणा दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडी, आणि तान्ह्यांकडं बघणारी बाई तीच ती, रोज बदलणारी नको. तिसरं, वाटी-चमचा ज्याचा त्याचा. तू काढून ठेवलेलं दूध चमच्यानं पाजायचं, बाटली नको. साध्या खोलीत ते चार तास टिकतं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तेवढाही भरवसा धरू नको, फ्रिजमध्येच ठेवायचं. चौथं, घुटी नाही, काजळ नाही. आणि मधाचं बोट तर वर्षाच्या आत अजिबात नाही.

भाची : आणि काकूंची स्वतःची तब्येत?

आत्या : बरं विचारलंस, ते कुणी विचारत नाही. लेकरांजवळ राहणाऱ्या कुणालाही दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्यायची. सरकारी दवाखान्यात फुकट होते. बीसीजीमुळं टीबीच्या मेंदूपर्यंत जाणाऱ्या प्रकारापासून बाळाला बरंच संरक्षण मिळतं, पण घरातल्या नाहीतर पाळणाघरातल्या खोकणाऱ्या माणसाकडून टीबी होणारच नाही, असं काही नाही. आठ लेकरांच्या सर्दीपेक्षा एका मोठ्या माणसाचा जुना खोकला मला जास्त भिववतो.

भाची : आता राहिला आजारी लेकराला आत न घ्यायचा नियम.

आत्या : तो सगळ्यात मोठा.

भाची : आणि तोच कुणी पाळत नाही. सांगते का. आमच्या दुकानातल्या एकीचा मुलगा दीड वर्षाचा आहे. रात्री त्याला ताप भरला. सकाळी तिनं पॅरासिटामॉल पाजलं, नऊपर्यंत अंग गार झालं, साडेनऊला पाळणाघरात सोडून कामावर आली. दुपारी परत ताप चढला. तोवर तो सगळ्यांच्या अंगाखांद्यावर खेळून झाला होता. ती वाईट आई आहे का? एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. महिन्यात तीन-चार खाडे झाले की मालक दुसरी बघतो. काकूंनी दारातून परत पाठवावं, तर लोक त्या दिवसाची फी कापतात, आणि पुढच्या महिन्यात लेकरू दुसरीकडं नेतात. ताप तिलाही कळतो, काकूंनाही कळतो. बोलणं दोघींनाही परवडत नाही.

आत्या : उपकेंद्रावर असताना हेच बघितलंय मी. ऊसतोडीच्या दिवसांत बेलकुंड-किल्लारीकडच्या कारखान्यांना टोळ्या यायच्या. दिवसा कोपीवर लस घेऊन जावं तर एक आई सापडायची नाही, सगळ्या फडात. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणायचंच, या बायांना लेकरांची पर्वा नाही. पर्वा होती, पण मुकादमाची उचल घेतलेली होती, आणि कोयत्याचा खाडा अंगावर यायचा. आम्ही संध्याकाळी जायला लागलो, तर त्याच बाया लेकरं काखेत घेऊन रांगेला उभ्या. वेळ बदलली, बाया त्याच.

भाची : मग आमची वेळ कोण बदलणार?

आत्या : आधी फीचं बघू. लेकरू आजारी म्हणून घरी राहिलं तरी महिन्याची फी पूर्ण द्यायची, एक रुपया कापायचा नाही, असं आठही आयांनी कबूल करायचं. मग काकू बिनधास्त म्हणतील, आज घरी ठेवा. आणि ताप औषध न देता चोवीस तास उतरलेला हवा, तरच आत. हे माझ्या शब्दावर होईल, यातल्या अर्ध्या आयांची लेकरं मीच टोचलीत.

भाची : काकूंची फी वाचली. माझा खाडा तसाच राहिला.

आत्या : दरवेळी तुझाच खाडा का? जावईबापू लातूरला डाळ मिलमध्ये आहेत ना? तिथं सुट्ट्या मिळतात की.

भाची : लेकराच्या सर्दीसाठी यांनी सुट्टी काढली तर मिलमध्ये लोक हसतील.

आत्या : हसू देत. हसण्यानं कुणाला न्यूमोनिया होत नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना बाप झाल्यावर पंधरा दिवसांची रजा मिळते, डाळ मिलमध्ये ती नाही, कबूल. पण आठवड्याची सुट्टी बदलून घ्यायला कायदा लागत नाही.

भाची : बरं, पण रात्री दोन वाजता ही नुसती सर्दी आहे की आणखी काही, हे मला कसं कळायचं? तुमची सगळी मदार मी वेळेवर ओळखण्यावर आहे.

आत्या : ते शिकवते. अंगावर प्यायचं सोडलं, हाक मारली तरी हलत नाही, झटका आला, श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, अंग तापलं किंवा गार पडलं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही. आणि श्वास मोजायचा. बाळ शांत असताना, पोटाकडं बघत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांपर्यंत मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त असेल तर तो धोका. आता हिच्यासाठी पन्नास लक्षात ठेव.

भाची : एवढं साधं?

आत्या : साधंच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच थोडं शिकलेल्या बायांना हे शिकवलं. ३९ गावांत काम झालं. तिथं हजारामागं ६२ नवजात बाळं दगावत होती, ती काही वर्षांत २५च्या आसपास आली. १९९९मध्ये लॅन्सेटमध्ये ते छापून आलं, आणि पुढं देशभर आशांनी नवजात बाळाच्या घरी जायचा कार्यक्रम त्यावरूनच उभा राहिला. तुझ्याकडंही आशा येत होती ना तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी? तू तिला चहा पाजलास आणि लवकर वाटेला लावलंस.

भाची : मला वाटायचं, नुसती सही घ्यायला येते.

आत्या : सहीच्या आधी ती बाळाचा श्वास मोजायची. बघितलं नाहीस तू.

भाची : म्हणजे माझी भीती खोटी नव्हती, एवढं तरी मान्य करा.

आत्या : खोटी नव्हतीच. पण ती तू सगळी फडक्यावर खर्च केलीस. दिराच्या खोकल्यासाठी, शेगडीसाठी, मालकासाठी काहीच उरलं नाही.

भाची : मालकासाठी भीती पुष्कळ आहे. तीच तर अडचण आहे. ऐका, मी ठरवलंय. १४ आठवड्यांचे डोस होईपर्यंत हिला कुठंच पाठवत नाही. सोमवारी जात नाही मी.

आत्या : तर मग तसा अर्ज दे. एक महिना बिनपगारी. वह्या घरी मागव, अर्धं काम तर तू इथं बसून करशील. दुसरी मुलगी शिकून तयार होईपर्यंत महिना जातोच, हे मालकालाही कळतं. दुसरा अर्ज जावईबापूंनी मिलमध्ये द्यायचा. लेकरू आजारी पडलं तर पहिली सुट्टी त्यांची, पुढची तुझी, असं आधीच ठरवून.

भाची : म्हणजे डोस होईपर्यंत माझा पगार गेला आणि आजारपणात त्यांच्या सुट्ट्या. दहा माणसांच्या दुकानात बाईला कायद्यानं जे मिळतं, ते सात माणसांच्या दुकानातल्या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं पदरचं घालून भरायचं. हे काही मला पटत नाही, आत्या.

आत्या : मलाही नाही पटत. म्हणून तिसरा अर्ज. तो नगरपरिषदेकडं आणि बालविकास प्रकल्प कार्यालयाकडं. आपल्या वॉर्डातल्या अंगणवाडीला पाळणाघर जोडा, आणि तीन महिन्यांपासून लेकरू घ्यायची सोय करा. त्या आठही आयांच्या सह्या घे.

भाची : त्याचं उत्तर यायला ही शाळेत जाईल.

आत्या : जाऊ दे की. तेव्हाही या गल्लीत कुणाचं तरी अडीच महिन्यांचं लेकरू असेलच.